जपून वापरलेला फोन

टेकडीवर झाडं लावायची म्हणून खड्डे खणायचं काम निघालं. पावसाआधीचे दोन महिने काम, मजुरी बरी, आणि नवराबायको दोघांनाही घेणार. त्या मोसमात दुसरं काम औषधालाही नव्हतं. खडीची खाण बंद पडून वर्ष झालं होतं, आणि एकदा पाऊस लागला की पुढे चार महिने खोदकाम करणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. या दोन महिन्यांत हातात जे पडेल त्यावर पावसाळा काढायचा, हे प्रत्येक खणत्या घराला ठाऊक होतं. पण मुकादमाने यंदा नवीनच टूम काढली. म्हणाला, हजेरीची वही बंद. सकाळी कामाला लागताना आणि संध्याकाळी कुदळ ठेवताना फोनसमोर तोंड धरायचं, फोन फोटो काढतो, तीच हजेरी. एका फोनमध्ये घरातल्या दोघांची तोंडं बसतात. फोन मात्र पडद्याचाच हवा, बटणांचा चालणार नाही.

तराजूच्या घरात बटणांचाही नव्हता.

तराजू हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. दोन वाटा दिसल्या की कुठल्या वाटेने चपला कमी झिजतील याचा विचार करून पाऊल टाकणारा माणूस, त्याला लोकांनी दिलेलं हे नाव. त्याला शिंक आली तरी आधी रुमाल धुवायला साबण किती लागेल ते बघतो, असं पाठीमागे बोलत, आणि आता आता तोंडावरही बोलायला लागले होते. त्याला राग येत नसे. ज्याच्याकडे थोडंच असतं त्याने तोलूनच टाकायचं असतं, असं त्याचं म्हणणं. खोदकामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा खड्डा ओळंब्याने खणल्यासारखा सरळ उतरायचा.

घरात तिघं. तो, त्याची बायको आणि त्याची आई. बायको सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे घरातलं वाचायचं काम तिचं. म्हातारीच्या हाताला आता काम होत नसे, पण तिची एक शेळी होती. काळी, एका कानावर पांढरा ठिपका, आणि त्या दिवसांत गाभण. घरात मोडून खाण्यासारखी ती एकच गोष्ट होती, आणि म्हातारी तिच्याशी घरातल्या माणसांपेक्षा जास्त बोलायची.

बाजाराच्या गावात एक फोनचं दुकान होतं. नवराबायको तिथे गेली तेव्हा दुकानदाराने काचेवर फडकं मारून दोन फोन समोर ठेवले. एक नवा, आठ हजारांचा. त्याच्याकडे तराजूने बघितलंसुद्धा नाही. दुसरा वापरलेला, साडेचार हजारांचा. तो विकतही मिळत होता आणि भाड्यानेही. भाडं महिन्याला सहाशे, पाचशे अनामत, काम संपलं की फोन परत आणि अनामत परत. दुकानदार बोलायला गोड होता, खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, घाई नाही, घरी जा, विचार करा.

विचार करायला सांगितल्यावर तराजू कशाला मागे राहतोय. घरी येऊन तो दारात उकिडवा बसला आणि पुढ्यात खडे मांडायला लागला. एक खडा म्हणजे शंभर. डाव्या हाताला विकतचे पंचेचाळीस, उजव्या हाताला दोन महिन्यांच्या भाड्याचे बारा. अनामतीचे पाच जरा बाजूला, कारण ते परत येणार होते. डावीकडचा ढीग बघितला की शेळी दिसायची. दुसरं काही विकण्यासारखं नव्हतंच.

बायको भांडी घासता घासता त्या ढिगांकडे बघत होती. तिचं मन विकत घ्यायचं होतं. ती म्हणाली, पुढच्या वर्षीही हजेरी फोनवरच असणार, त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी बारा बारा खडे टाकत गेलात तर चार वर्षांत तो ढीग मोठा होईल आणि हातात काहीच राहणार नाही. तो म्हणाला, पुढच्या वर्षी काम निघेल कशावरून? दोन महिन्यांच्या कामासाठी शेळी घालवायची, आणि मग फोन काय दूध देणार आहे?

"दूध नाही देत," ती म्हणाली. "पण भाड्याच्या वस्तूला आपला हात बसत नाही हो. सारखं आपण पाहुण्यासारखं वागतो तिच्याशी."

म्हातारी आत भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच बोलली, की शेळी महिनाभरात व्यायची आहे. त्यानंतर वाद उरलाच नाही. तराजूने डावीकडचे खडे उचलून अंगणाबाहेर फेकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन भाड्याने आणला. चार पानांच्या कागदावर बायकोने सही केली. दुकानदाराने त्यातलं ओरखड्यांचं कलम तेवढं बोट ठेवून वाचून दाखवलं. काच तडकली तर अनामत गेली, पाण्यात पडला तर पूर्ण किंमत. "जपून वापरा," तो म्हणाला. त्याने हे सगळ्यांनाच सांगितलं असेल. पण सगळी माणसं तराजू नसतात.

भाड्याची वस्तू कशी जपायची हे तो बापाकडून शिकला होता. बापाच्या वेळी पहार भाड्याने आणावी लागे. बाप कामापुरती पहार हातात घ्यायचा, काम झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून कोपऱ्यात उभी करायचा. शेजारी कुणी पाच मिनिटांसाठी मागितली तरी द्यायचा नाही. तीस वर्षं भाड्याने अवजारं आणली, एकदाही कुणाचा बोल ऐकला नाही, असं तो मरेपर्यंत सांगत होता. तराजूने फोनचंही तसंच केलं. सकाळची हजेरी झाली की बंद. संध्याकाळची झाली की बंद. बंद करून बायकोच्या जुन्या पोलक्याच्या फडक्यात गुंडाळायचा, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि घरी आल्यावर पिठाच्या रिकाम्या डब्यात. चालू ठेवला तर झिजणार, असा त्याचा हिशेब. रविवारी काम नसे, त्या दिवशी तो डबा उघडायचादेखील नाही.

काम जिवावरचं होतं. टेकडीला वर वीतभर माती आणि खाली मुरूम, मुरमाखाली कातळाची पाठ. कुदळ मारली की ती उडून परत यायची आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. माणशी रोज चार खड्डे. गुडघ्याच्या वर खोल, हातभर रुंद. तो फोडायचा, ती फावड्याने ओढून उताराच्या बाजूला बांध घालायची, मग ती फोडायची आणि तो ओढायचा. दुपारपर्यंत पाण्याचा कॅन कढत व्हायचा. तिच्या तळहातावरचे फोड फुटून पुन्हा आले, मग यायचे थांबले. तिथली कातडी पिवळी आणि टणक झाली.

खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट न खणता उभा ठेवायची जुनी रीत होती. त्याला साक्षी म्हणत. मूळ जमीन कुठे होती आणि किती खोल गेलो हे त्या खुंटावरून मोजता यायचं. मोजणी झाली की मगच साक्षी पाडायची. यंदा मुकादम म्हणाला होता, आता त्याची गरज नाही, फोन आहे. बाकीच्यांनी सोडून दिलं. तराजूने नाही सोडलं. त्याच्या प्रत्येक खड्ड्यात साक्षी उभी होती आणि तिच्या माथ्यावर त्याने कुदळीच्या दांड्याचं टोक दाबून गोल खूण केलेली होती. बायको चिडवायची, एवढी कलाकुसर झाडाला कळणार आहे का? तो म्हणायचा, मला कळते ना.

हजेरीची मात्र तिला पहिल्यांदा गंमत वाटली. फोन हातात धरून ती समोर उभी राहायची आणि फोन बोलायचा, चेहरा चौकटीत आणा, स्थिर राहा. तराजू असा ताठ व्हायचा जणू समोर फौजदार उभा आहे. "जरा हसा तरी," ती म्हणायची. तो म्हणायचा, हसण्याचे वेगळे पैसे मिळतात का? मग त्याच्या फोटोखाली पिवळी खूण उमटायची, मग तिच्या, आणि फोन फडक्यात जायचा.

दहाबारा दिवस झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळ्या दिवसांपुढे खूण पिवळीच आहे आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, पाठवायचे बाकी. तिने त्याला सांगितलं. टेकडीवर रेंज नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. मुकादमही पहिल्या दिवशी म्हणाला होता, रेंज नसली तरी काळजी नको, ती आली की हजेरी आपोआप जाते. तराजू म्हणाला, आपोआप म्हणजे आपोआप. तुझं माझं त्यात काय काम? बाकी आहे म्हणजे कुठे पळून गेलेली नाही. महिनाअखेरीला सगळी एकदम जाईल.

तिला ते पटलं, कारण न पटण्यासारखं त्यात तिला काही दिसलं नाही. बाकीचे मजूर उतरताना फोन खिशात चालूच ठेवत, कुणी गाणी लावत. टेकडीच्या वळणावर रेंज यायची आणि तिथे एकेकाच्या खिशात फोन टुण टुण वाजायचे. तराजूची बायको ते रोज ऐकायची. यांचे फोन वाजतात आणि आपला फडक्यात मुकाट झोपतो, एवढंच तिच्या मनात यायचं. त्या वाजण्याबरोबर त्यांचे दिवस निघून जाऊन जागेवर पोचत होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने फोन चालू केला आणि पडदा लाल झाला. तिने वाचलं. हा फोन भाड्याचा आहे. बंद करण्यात आला आहे. दुकानाशी संपर्क करा. तिने तो बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा लाल. तराजूने हातात घेतला, पदराने पुसायला सांगितला, उन्हात धरला. काही उपयोग झाला नाही.

मुकादमाने आपल्या फोनवर, काल रेंजमध्ये असताना उतरवून घेतलेली यादी काढली. दोघांच्या नावांपुढे बोट सरकवत नेलं आणि ते बोट सरकतच राहिलं.

"तुमची एकही हजेरी आलेली नाही," तो म्हणाला.

तराजूला वाटलं, तो दुसऱ्याच कुणाच्या नावाकडे बघतोय. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने पुन्हा बघितलं. मग समजावून सांगितलं की दिवस फोनमध्येच अडकलेत, फोन उघडून रेंजमध्ये आणला की पाच मिनिटांत सगळे जातील. पण परवा महिन्याची यादी बंद होते. त्यानंतर आलेलं वर कचेरीत घेत नाहीत. फोन चालू होईपर्यंत कामावरही घेता येणार नाही, हजेरीच लागणार नाही तर घेऊन करू काय?

दोघं तशीच बाजाराच्या गावी गेली. दुकानदाराने फोन बघताक्षणी ओळखलं. त्याने विचारलं, फोन बंद ठेवत होता का? तराजूने अभिमानाने सांगितलं, हो, कामापुरताच चालू करायचो, एक ओरखडा दाखवा. मग दुकानदाराने चार पानांच्या कागदातलं तिसरं पान उलटून काढलं. भाड्याचा फोन अधूनमधून रेंजमध्ये येऊन दुकानाला आपला पत्ता सांगतो. एकवीस दिवस त्याचा पत्ता लागला नाही, तर कुणी पळवला असं धरून तो स्वतःच कुलूप लावून घेतो. भाडं भरलेलं असलं तरीही.

"म्हणजे जपला म्हणून बंद पडला?" बायकोने विचारलं.

दुकानदार म्हणाला, असं आजवर कुणी केलंच नाही, लोक तर फोन झोपतानासुद्धा सोडत नाहीत. त्याच्या हातात दोन वाटा होत्या. फोन कंपनीच्या कचेरीत पाठवायचा, तिथे उघडून परत यायला तीन आठवडे. नाहीतर करार मोडून फोन विकत घ्यायचा. विकत घेतला की भाड्याचं कुलूप तासाभरात इथेच निघतं. किंमत तीच, साडेचार हजार. अनामतीचे पाचशे त्यात धरता येतील, दिलेलं भाडं धरता येणार नाही.

परतीच्या वाटेवर तराजूने खडे मांडले नाहीत. एका बाजूला दोघांचे अठरा अठरा दिवस होते, दुसऱ्या बाजूला शेळी, आणि हे तोलायला तराजूची गरज नव्हती. बायकोने मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही की मी सांगत होते. खरं तर म्हटलं, एकदा, आणि तिला त्याची लाज वाटली.

घरी म्हातारीला सांगायचं काम तिच्यावर आलं, कारण तो दारातच उभा राहिला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. बराच वेळ शेळीच्या पोटावर हात ठेवून बसली, आतलं पिल्लू हलतंय का बघत असावी. मग म्हणाली, "नेण्याआधी पाणी पाजा तिला. तहानलेलं जनावर दिसलं की व्यापारी भाव पाडतात."

व्यापाऱ्याने तरीही पाडलाच. गाभण शेळी एरवी पाच हजारांना गेली असती. पण सकाळी सकाळी शेळी घेऊन धावत आलेल्या माणसाला घाई आहे हे कळायला व्यापारी असावं लागत नाही. तो दात बघत राहिला, कास दाबत राहिला, चार हजारांवरून हलला नाही. तराजू दोनदा दावं धरून निघाला आणि दोन्ही वेळा चार पावलांवरून परत आला. व्यापारी हसला. तराजू जन्मात कधी एवढ्या लवकर सौद्यावरून खाली उतरला नव्हता. पैसे मोजून घेताना दावं त्याच्या हातातच राहिलं, ते परत मागून घ्यावं असं व्यापाऱ्याला वाटलं नाही.

चार हजार आणि अनामतीचे पाचशे. दुकानदाराने पैसे घेतले, पावती केली आणि फोन घेऊन मागच्या खोलीत गेला. दोघं बाकावर बसून राहिली. बायको मनात बेत करत होती, वळणापर्यंत जायची गरज नाही, इथे बाजारातच रेंज आहे, इथेच अठरा खुणा हिरव्या होतील आणि आपण त्या बघत बसू. पेटीचं कुलूप उघडलं की आतलं धान्य आतच असतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही, आणि तराजूला तर किंमत सोडून काही विचारायचं सुचलंच नव्हतं.

तासाभराने दुकानदार हसत बाहेर आला. त्याने काचेला नवा कागद लावला होता, फुकट. "घ्या," तो म्हणाला. "आता तुमचा. भाड्याचं सगळं पुसून अगदी नवा कोरा करून दिलाय."

तराजूही हसला. नवा कोरा हे ऐकून कुणालाही बरंच वाटतं. बायकोने फोन हातात घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, भाषा निवडा. तिने निवडली. मग हजेरीचं चित्र शोधलं. ते नव्हतं. तिने सगळीकडे बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, आतलं कुठे गेलं?

दुकानदार म्हणाला, आतलं काही राहत नाही, कुलपाबरोबर सगळंच पुसलं जातं. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. त्याचं हसू मावळलं. "फोटो होते का काही? आधी बोलायचं होतं हो."

"आमचे अठरा दिवस होते," ती म्हणाली.

दुकानदाराने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. काय करता येईल ते बघतो म्हणाला आणि दोन ठिकाणी फोनही लावले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. त्याने स्वतः हजेरीचं ते चित्र फोनमध्ये पुन्हा घालून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तराजू तोवर दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात दावं होतं आणि तो ते मनगटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं टेकडीवर गेली. यादी बंद व्हायचा दिवस होता. मुकादमाने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. तराजू त्याला ओढतच रांगेकडे घेऊन गेला. एका खड्ड्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. हे बघा, साक्षी बघा, माथ्यावरची खूण बघा. एकशे चव्वेचाळीस खड्डे आहेत, मोजा. एकसुद्धा दुसऱ्याचा निघाला तर थोबाडीत मारा.

"मला माहीत आहेत कुणाचे ते," मुकादम म्हणाला. "वही असती तर आत्ता लिहिले असते. वर खड्डा दिसत नाही, तोंड दिसतं."

त्याने दोघांचे चेहरे फोनमध्ये नव्याने भरून घेतले आणि आजपासूनची हजेरी चालू केली. सकाळची हजेरी झाली. मुकादम पुढे निघून गेला, कारण तिथे उभं राहणं त्यालाच जड जात होतं. बायकोने फोन पदरात बांधला, चालूच ठेवला, आणि कुदळ उचलली. रडायचं तर संध्याकाळी रडू, आजचा दिवस तरी लागलेला आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

तराजूने कुदळ उचलली नाही. फावडं उचललं. तो रांगेच्या पहिल्या खड्ड्याशी गेला, साक्षीला लाथ घातली आणि बांधाची माती खड्ड्यात ओढायला लागला.

ती धावली नाही. तिला आधी कळलंच नाही. कळलं तोवर त्याचा पहिला खड्डा बुजून झाला होता आणि तो दुसऱ्याकडे गेला होता. माझे खड्डे, मी खणले, मीच बुजवतो, असं तो कुणालाच उद्देशून न बोलता बोलत होता. बाकीचे मजूर हात थांबवून बघायला लागले. एरवी त्याच्यावर विनोद करणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. मुकादम दोनदा ओरडला, मग त्यानेही नाद सोडला. खणायला जो मुरूम फुटता फुटत नव्हता तो आत मात्र सळसळत जात होता. याच गोष्टीने तराजूला जास्त वेड लागलं असावं. एकेका खड्ड्याला त्याला दोन दोन तास लागले होते, आणि तो आता घटकेत जमिनीसारखी जमीन होत होता.

ती खणत राहिली. चार तिचे, चार त्याचे. आठ खड्डे झाले नाहीत तर मुकादम आजचा दिवस दोघांचा मिळून एकच धरेल, हे तिला माहीत होतं. दुपारी ती जेवली नाही, पाणी पीत गेली आणि खणत गेली. पाचव्या खड्ड्याला तिची कंबर वाकायला तयार होईना, तेव्हा ती गुडघ्यांवर बसून खणू लागली. शेजारच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मजुराने तिचा सातवा निम्मा फोडून दिला. आठव्यात तिने मधोमध साक्षी ठेवली. का ठेवली ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी शिट्टी झाली. ती फोन घेऊन रांगेच्या खालच्या टोकाला गेली. तराजूने एकवीस खड्डे बुजवले होते आणि बाविसाव्यात तो बसला होता, पाय आत सोडून, फावडं मांडीवर घेऊन. मातीने तो नखशिखांत माखला होता. गालावर दोन ओघळ खाली आले होते, तिथेच तेवढी कातडी दिसत होती.

"उठा," ती म्हणाली. "हजेरी राहिली आहे."

"मी आज काय केलं?"

"चार खड्डे खणले तुम्ही. वर आहेत. चला."

तो उठला नाही. मुकादम लांबून बघत होता. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, बुजवलेले उद्या उकरून दे, मी वर काही कळवत नाही. मग पाठ फिरवून निघून गेला. तिने तराजूचा दंड धरून त्याला उठवलं. वरच्या रांगेत नेऊन तिने खणलेल्या खड्ड्याशेजारी उभं केलं आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

फोन म्हणाला, चेहरा ओळखता येत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

तिने पुन्हा धरला. चेहरा ओळखता येत नाही. तराजू खाली मान घालून उभा होता. तिने पदराचं टोक कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात बुडवलं आणि त्याचं तोंड पुसायला लागली. कपाळ, भुवया, नाकाच्या बाजू. एवढ्या लोकांसमोर तिने त्याला कधी हात लावला नव्हता. त्याचे ओठ थरथरत होते आणि ते थांबल्याशिवाय फोन ऐकणार नव्हता.

"स्थिर राहा," फोन म्हणाला.

"जरा राहा हो," ती म्हणाली. "एवढंच. मग कितीही रडा."

त्याने मान वर केली. श्वास धरला. सवयीने ताठ झाला. पिवळी खूण उमटली. मग तिने फोन आपल्याकडे वळवला.

उतरताना तिने फोन त्याच्या हातात दिला. त्यानेच वळणापर्यंत तो समोर धरून नेला, दोन्ही हातांनी, आतलं सांडेल अशा भीतीने. वळणावर फोन टुण करून वाजला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने तो तिच्यापुढे केला.

"गेली?"

"गेली. हिरवी झाली."

"किती?"

"तुमची एक. माझी एक."

पुढे चालणारे मजूर केव्हाच वळण उतरून गेले होते. तराजूने फोनकडे पाहिलं, काचेवर पडलेली माती अंगठ्याने पुसली, आणि त्याचा अंगठा आपोआप बाजूच्या बटणाकडे गेला. तिने त्याचा हात धरला.

"राहू द्या चालू," ती म्हणाली. "आता आपलाच आहे."